वळणावरचा खांब

फ्रेमवाल्यांच्या दुकानात घाई केलेली चालत नसे. कुणी वडिलांचा फोटो घेऊन आलं आणि "संध्याकाळपर्यंत होईल का?" असं विचारलं की ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "फोटो आत्ताच परत न्या की. फ्रेम परवा मिळेल." दुकान म्हणजे दोन इमारतींमधला बोळ, वर पत्रा टाकून झाकलेला. एका अंगाला काचा उभ्या करून ठेवलेल्या, दुसऱ्या अंगाला पट्ट्यांचे नमुने टांगलेले, काळे, सोनेरी, लाकडी रंगाचे, प्रत्येक नमुना म्हणजे दोन पट्ट्या जोडून केलेला एक कोपरा. टेबलावर करवत, सरस आणि एक कप, ज्यात कधी चहा असे तर कधी बारीक खिळे. जोडलेला प्रत्येक कोपरा ते बल्बसमोर धरून बघत. फटीतून उजेड दिसला की चौकट सोडवून पुन्हा कापायची, मग गिऱ्हाईक समोर ताटकळत का असेना.

असा माणूस दुकानाबाहेरही जगाचे कोपरे तपासत फिरतो, हे वेगळं सांगायला नको. कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करत आणि मग बसत. उशिरा येणाऱ्याला घड्याळ दाखवत. अशा माणसाला लोक मान देतात आणि जेवायला जरा कमी बोलावतात. त्यांची बायको म्हणायची, "आमच्या घरात चूक झाली तर ती माझीच असते. ह्यांची व्हायची सोयच नाही." हे ती हसत म्हणायची, आणि फ्रेमवाले ते कौतुक समजून घेत.

रविवारी चालायला जाणारा एक गट होता, त्यात ते गेली कित्येक वर्षं होते. गावामागच्या डोंगररांगेवरून एक लांब पल्ल्याची पायवाट जाते. सगळी चालायची तर दिवसच्या दिवस लागतील, म्हणून सगळे तिला लांबवाट म्हणतात. नोकऱ्या आणि दुकानं सांभाळणारी माणसं तिचा एकेक तुकडा दिवसभरात चालून घरी येतात आणि दोन दिवस पोटऱ्या चोळत बसतात. वाटेवर दगडांना पिवळे पट्टे ओढलेले आहेत, पण पावसाने ते धुऊन निघतात, आणि जिथे वाट फुटते नेमका तिथलाच पट्टा सापडत नाही. म्हणून गटाने आपली एक आगगाडी बसवली होती.

सगळ्यात पुढे पीटीच्या बाई. शाळेतल्या मुलांना आयुष्यभर कवायत शिकवून निवृत्त झालेल्या, अजूनही बोलल्या की माणसं आपोआप रांगेत उभी राहत. त्या इंजिन. सगळ्यात मागे गार्ड. वाट फुटली की बाईंच्या मागे जो असेल त्याने तिथेच थांबायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाट दाखवायची. त्याला खांब म्हणत. खांबाने गार्ड येईपर्यंत हलायचं नाही, हा पहिला नियम. गार्ड चढ चढून जवळ आला की ओरडणार, "गाडी आली!" खांबाने उत्तर द्यायचं, "येऊ द्या!" मग दोघांनी मिळून पुढे जायचं. आणि उत्तर आलं नाही तर गार्डने समजायचं की इथे खांब नाही, म्हणजे वळणही नाही, रुळलेल्या मोठ्या वाटेने सरळ चालत राहायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण एवढ्या वर्षांत त्यांच्यातला एकही माणूस हरवला नव्हता.

गार्ड होते दाजी. दाजी म्हणजे फ्रेमवाल्यांचे साडू, बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. आयुष्य बेकरीत भट्टीसमोर काढलेलं. अंगाने दणकट आणि गुडघ्यांनी कच्चे. पीठ मळायच्या यंत्राच्या घरघरीवरून ओरडून ओरडून आवाज असा झाला होता की ते गुपित सांगायला लागले तरी शेजारचा दार लावून घ्यायचा. बायको गेल्यावर ते एका खोलीत एकटे राहत. फ्रेमवाल्यांच्या बायकोने एक दिवस नवऱ्याला सुनावलं, "तुम्ही दर रविवारी डोंगरात हिंडता आणि दाजी तिकडे भिंतीशी बोलतायत. घेऊन जा त्यांना."

फ्रेमवाल्यांनी नेलं, पण जिवावर आल्यासारखं. दाजी दर थोड्या वेळाने थांबत. दम लागला की तसं म्हणत नसत, "काय सुंदर झुडूप आहे हो," म्हणत. फ्रेमवाल्यांना आपल्या नातेवाइकाची लाज वाटे. पण दोन महिन्यांत चित्र पालटलं. बाईंनी त्यांना गार्ड केलं, कारण सगळ्यात मागे ते तसेही असतच. "गार्डला घाई नसते," असं दाजी सगळ्यांना ऐकवू लागले. दमलेली माणसं मुद्दाम मागे रेंगाळून त्यांच्याबरोबर चालू लागली, त्यांचे बेकरीतले किस्से ऐकायला. ज्यांचं कुणी नव्हतं ते सगळ्या गटाचे दाजी झाले. आठवडाभर ते रविवारची वाट बघत, शुक्रवारीच बुटांना तेल लावून ठेवत. फ्रेमवाल्यांच्या मनात याचं एक बारीक कुसळ होतं. आपण आणलेला माणूस, आणि आपल्यापेक्षा लाडका.

दुसरं कुसळ फोटोचं होतं. वर्षातून एकदा गट लांबवाटेच्या सगळ्यात उंच माथ्यावर जाई आणि तिथे फोटो निघे. तो फ्रेमवाल्यांकडे येई, ते त्याला उत्तम चौकट करत आणि तो गटाच्या नेहमीच्या चहावाल्याच्या भिंतीवर लागे. भिंतीवर असे बरेच फोटो झाले होते आणि एकातही फ्रेमवाले नव्हते. कारण माथ्याखाली जे शेवटचं वळण होतं, तिथे बाई दरवर्षी म्हणत, "इथे फ्रेमवाल्यांना उभं करा. ते हलायचे नाहीत." ते गार्डला घेऊन वर पोचेपर्यंत फोटो होऊन गेलेला असे, डबे उघडलेले असत. दाजींना याचं काही नव्हतं, ते म्हणत, "आपण गाडीचे मागचे दिवे." पण बायकोने एकदा थट्टेत विचारलं, "तुम्ही नक्की डोंगरावरच जाता ना?" ती विसरून गेली. फ्रेमवाले विसरले नाहीत.

त्या रविवारी थंडी होती आणि आकाश स्वच्छ होतं. डझनभर माणसं पहाटेच्या बसने पायथ्याला उतरली. पहिली चढण, मग लांबलचक गवताळ धार, मग एक खिंड. खिंडीत सगळ्यांनी पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. दाजींनी आपल्या वाटची दोन अंडी फ्रेमवाल्यांच्या डब्यात टाकली आणि म्हणाले, "घ्या साडूबुवा, तुम्हाला उभं राहायचंय." सगळे हसले. फ्रेमवाले हसले नाहीत, पण अंडी खाल्ली.

शेवटच्या वळणावर बाईंनी नेहमीचा हुकूम सोडला. तिथे रुळलेली वाट डावीकडे उतरून दगडाच्या एका जुन्या, बंद पडलेल्या खाणीकडे जाते आणि माथ्याची वाट उजवीकडे गवतातून वर चढते, इतकी पुसट की दाखवल्याशिवाय दिसत नाही. पिवळ्या पट्ट्याचा दगड कुणीतरी कधीच लोळवून दिला होता. फ्रेमवाले उभे राहिले. एकेक जण आला, त्यांनी हात करून उजवी वाट दाखवली, माणूस वर गेला. शेवटचा गेल्यावर खालच्या चढावर फक्त दाजींची टोपी दिसत होती. ती थोडी हाले आणि बराच वेळ थांबे. बहुधा झुडपं सुंदर असावीत.

खिंडीतून धुकं वर यायला लागलं. टोपी दिसेनाशी झाली. वरून औषधवाल्याचा आवाज आला. औषधवाला म्हणजे गटातला केमिस्ट, कॅमेरा त्याचा. तो ओरडत होता, "चला चला, धुकं यायच्या आत फोटो! उभे राहा!"

फ्रेमवाल्यांनी मान वर करून माथ्याकडे पाहिलं. यंदाही नाहीच. पळत गेलं तर दोन मिनिटांची चढण. फोटो काढून परत खाली येता येईल, दाजी तोवर काही पोचत नाहीत. त्यांनी दोन सुक्या काठ्या उचलल्या आणि उजव्या वाटेच्या तोंडाशी मांडल्या, टोकाला टोक जुळवून. त्यांच्या मते तो बाण होता. खरं म्हणजे तो कोपरा होता, दुकानात जोडतात तसा, अगदी नेमका. गवतात पडलेल्या दोन काठ्यांना बाण समजायला दुसरा फ्रेमवालाच यायला हवा होता.

ते निघाले. जेमतेम वीसेक पावलं वर गेले असतील, तेवढ्यात मागून आवाज आला.

"गाडी आलीऽऽ!"

भट्टीवरचा तो आवाज. तो न ऐकू येणं शक्यच नव्हतं. फ्रेमवाले एक क्षण जागच्या जागी थबकले. उत्तर द्यायचं म्हणजे परत खाली जायचं, दाजींची वाट बघायची, त्यांच्या गुडघ्यांच्या चालीने वर यायचं, आणि फोटो गेला. ओठांपर्यंत आलेलं "येऊ द्या" त्यांनी गिळलं. काठ्या आहेत, ते दिसतीलच, असं मनाशी म्हणत ते भराभर चढू लागले. हाक आणखी आली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

माथ्यावर सगळे आपल्याच गलक्यात रांगेत उभे होते. "अरे वा, फ्रेमवाले!" म्हणून ओरडा झाला. बाईंनी विचारलं, "दाजी?" आणि ते म्हणाले, "येतायत. मागेच आहेत." इतकं सहज म्हणाले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. कुणीतरी त्यांना मधे ओढलं. औषधवाला बटण दाबून पळत येऊन उभा राहिला, कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत राहिला आणि फोटो निघाला.

फोटो निघाल्याबरोबर ते खाली जायला वळले. वाटेवर धुकं होतं, दाजी नव्हते. वळणावर दोन काठ्या जशाच्या तशा होत्या. "दाजी!" त्यांनी हाक मारली. धुक्यात आवाज कुठल्या कुठे विरून गेला. तेव्हा फ्रेमवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. उत्तर नाही म्हणजे वळण नाही, रुळलेल्या वाटेने सरळ. नियम पाळला असेल तर दाजी डावीकडे गेले. आणि दाजी नियम पाळतच. डावीकडची वाट जिथे संपते तिथे खाणीचा कडा आहे.

ते धावत वर आले. "दाजी दिसत नाहीत," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. बाईंनी दुसरा शब्द विचारला नाही. शिट्टी काढली, सगळ्यांना एकमेकांचा हात धरायला लावला आणि उतरवलं. फ्रेमवाले म्हणाले, "खाणीकडे बघू आधी." कुणी विचारलं नाही की खाणीकडेच का. पुढचा तासभर त्यांना कसा गेला हे त्यांनी नंतर कधी कुणाला सांगितलं नाही. प्रत्येक शिट्टीनंतर सगळे कान टवकारून थांबत आणि काही ऐकू येत नसे. असा आवाज असलेला माणूस गप्प आहे, म्हणजे काय समजायचं? बायकोला काय सांगायचं? एकदा तर त्यांच्या मनात असंही येऊन गेलं की दाजी सापडले नाहीत तर हाक आली होती हे कुणालाच कळणार नाही. तो विचार आला त्या क्षणी ते मटकन खाली बसले. औषधवाल्याला वाटलं, चक्कर आली. त्याने पाणी पाजलं.

दाजी सापडले. कड्याच्या अलीकडे, तुटलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यावर ते पाय लांब करून बसले होते. घोटा वांग्यासारखा काळानिळा होऊन सुजला होता, ओल्या धुक्यात बसून ओठ पांढरे पडले होते. आवाज अगदीच बसला होता. आधी बराच वेळ ते हाका मारत असणार. बाईंनी आपला कोट काढून त्यांच्या अंगावर घातला.

"इकडे कसे आलात दाजी?" बाईंनी विचारलं. मग वळल्या. "फ्रेमवाले, वळणावर तुम्ही होतात ना?"

सगळे बघत होते. हाच तो क्षण होता, आणि तो फार मोठा नव्हता. "नव्हतो," एवढा एकच शब्द म्हणायचा होता. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या तसबिरी सरळ केल्या त्याच्या जिभेला तो शब्द उचलेना.

"होतो की," ते म्हणाले. "मी वाट दाखवली त्यांना. लांबून. त्यांनी हातसुद्धा केला. म्हणून तर मी पुढे झालो."

बोलून गेल्यावर त्यांनी दाजींकडे पाहिलं. दाजी त्यांच्याचकडे बघत होते. रागाने नाही. एखादा हिशोब लागत नसताना माणूस बघतो तसं. मग त्यांनी मान खाली घातली आणि बसलेल्या आवाजात म्हणाले, "हो. दाखवली होती त्यांनी. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं."

कुणीतरी हळूच म्हणालं, "वय झालं." फ्रेमवाल्यांच्या अंगातून कुणी जीव काढून घेतल्यासारखं झालं. पण तोंड उघडलं नाही. खाणीच्या कच्च्या रस्त्यापर्यंत दाजींना दोघांनी धरून आणलं, त्यातले एक फ्रेमवाले होते. साडूंचं सगळं वजन त्यांच्या खांद्यावर होतं. दाजी वाटेत एकदाच बोलले, "दमला असाल, बदला कुणीतरी."

हाड मोडलं होतं. प्लास्टर झालं. बाईंनी दवाखान्यातच निर्णय सांगितला, आणि बाई कडक असल्या तरी वाईट नव्हत्या, डोळे पुसतच सांगितला. दाजींनी आता लांबवाटेवर यायचं नाही. बागेत, तळ्याकाठी हवं तेवढं फिरावं, पण डोंगर नको. वाट दाखवूनही जो माणूस चुकतो त्याची जबाबदारी घेता येणार नाही. दाजी म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." फ्रेमवाले दाराशी उभे राहून औषधाच्या चिठ्ठीची घडी घालत होते. ती घडी त्यांनी घातली, उघडली, परत घातली.

त्यानंतरचे दिवस त्यांनी दुकानात काढले असं म्हणायचं, पण काम होत नव्हतं. औषधवाला फोटो देऊन गेला. फोटोच्या मधोमध फ्रेमवाले उभे होते, छाती काढून, दात दाखवत. असे ते लग्नाच्या फोटोतसुद्धा हसले नव्हते. त्यांनी तो उलटा करून ठेवला. पट्ट्या कापल्या, कोपरा जोडला, बल्बसमोर धरला तर फट. पुन्हा कापला, पुन्हा फट. गिऱ्हाईक येऊन "परवा म्हणाला होतात," म्हणालं की ते चक्क "माफ करा" म्हणत. जुन्या गिऱ्हाइकांना वाटलं, आजारी आहेत.

बायको डबा घेऊन दुकानात आली तेव्हा तिने तो फोटो उलटून पाहिला. "अगंबाई, अखेर दिसलात एकदाचे!" ती खूश होऊन म्हणाली. फोटो डोळ्यांजवळ नेऊन तिने सगळे चेहरे बघितले. "आणि दाजी कुठेत यात?"

"मागे होते," फ्रेमवाले म्हणाले.

"हो ना, हरवले होते नाही का तेव्हा," ती म्हणाली आणि तिने उसासा टाकला. "मी काल बोलले हो त्यांना. म्हटलं, दाजी, ह्यांनी एवढी वाट दाखवली, तुम्ही हातसुद्धा केलात आणि गेलात भलतीकडे? ताई असती तर तिने काय म्हटलं असतं? नुसते हसले बिचारे." तिने डबा उघडून पुढे सरकवला. फ्रेमवाल्यांनी डब्याला हात लावला नाही. त्यांचं खोटं त्यांच्या बायकोच्या तोंडून, तेही त्याच माणसाला ऐकवलं गेलं होतं. शरमेने त्यांचे कान तापले, आणि बायको म्हणाली, "ताप आहे का तुम्हाला?"

पुढच्या रविवारी गट डोंगरात गेला. फ्रेमवाले गेले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले आणि बायकोबरोबर दाजींकडे गेले. खोली वरच्या मजल्यावर, एक खिडकी, एक खाट, ओट्याशी दोन बर्नरचा गॅस. बायको पदर खोचून आतल्या मोरीत भांडी घासायला बसली. दाजी खाटेवर पाय उशीवर ठेवून पडले होते. खाटेलगत बूट होते, तेल लावून चकचकीत केलेले.

"बरं झालं आलात," दाजी म्हणाले. "एक काम करा साडूबुवा. ते बूट वरच्या फळीवर टाकून द्या. इथे पायात येतात सारखे. आणि आता कशाला लागतात?"

दाजी हे हसून म्हणाले. फ्रेमवाल्यांनी बूट उचलले. जड होते. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि हात वर केला. फळीवर एक रिकामी पेटी होती, तिच्या बाजूला बुटांपुरती जागा होती. तिथे ठेवायचे की काम झालं. ते ठेवू शकले नाहीत. स्टुलावर उभे राहून, भिंतीकडे तोंड करून, छातीशी बूट धरून ते म्हणाले, "दाजी, मी वळणावर नव्हतो."

मोरीत नळ वाहत होता.

"फोटोसाठी वर गेलो. काठ्या ठेवल्या होत्या मी. बाणासारख्या."

"माहीत आहे मला," दाजी म्हणाले. "तुम्ही नव्हतात हे मलाच माहीत नसणार का? उतरा खाली, पडाल."

फ्रेमवाले उतरले. बूट अजून हातातच होते. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? आपण साडू. मी तुम्हाला चारचौघांत खोटं पाडलं, तर घरी तिला काय वाटलं असतं?" दाजींनी मोरीकडे मान हलवली. "ताई गेली तिची. माहेरचं म्हणावं असं माणूस मी एकटाच उरलोय. आणि चूक होते माणसाकडून. फोटोची हौस असते. मला काय, नुसता घोटा गेला."

फ्रेमवाल्यांना एकदम हलकं वाटलं. झालं, संपलं, यांना माहीत आहे आणि यांनी सोडून दिलं. आता कुणाला सांगायची गरजच नाही. हलकं वाटलं आणि त्याच श्वासाला त्यांना आपली किळस आली. बूट हातात, माणूस खाटेवर, आणि आपण सुटलो म्हणून खूश.

"एकच सांगा," दाजी म्हणाले. ते छताकडे बघत होते. "मी हाक मारली होती. गाडी आली म्हणून. तीन वेळा. तेव्हा वारा होता ना हो? वर गेला असाल तुम्ही तोवर. ऐकू आलं नसेल."

दाजींनी उत्तर आधीच हातात ठेवलं होतं. नुसती मान हलवायची होती. त्यांच्या आवाजात एक आर्जव होतं, हो म्हणा हो, असं.

"ऐकू आली होती," ते म्हणाले. "पहिलीच."

दाजींनी डोळे मिटले. त्यांचा भलामोठा चेहरा हळूहळू उतरत गेला. दवाखान्यात हाड बसवतानाही तो असा झाला नव्हता.

"मी तिथं बसलो होतो ना, दगडांवर," ते हळू आवाजात म्हणाले. एवढा हळू आवाज फ्रेमवाल्यांनी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "धुक्यात काही दिसत नव्हतं. भीती वाटली हो. तेव्हा मी म्हणत होतो, ऐकू गेलं नाही बिचाऱ्याला. गेलं असतं तर आला असता. त्या एका गोष्टीवर तग धरला मी. बाईंसमोर गप्प बसलो तेही तेवढ्यावरच."

फ्रेमवाल्यांना माफी मागायची होती. ते रडायला लागले, आणि रडताना त्यांना जाणवलं की दाजी नेहमीसारखं "असू द्या हो" म्हणत नाहीत.

"बाईंना फोन लावा," दाजी डोळे न उघडता म्हणाले. "आत्ता. इथूनच. मोठ्याने बोला."

फ्रेमवाल्यांनी बूट जमिनीवर ठेवले आणि खिशातून फोन काढला. बाई डोंगरावर होत्या, मागे वाऱ्याचा आणि माणसांच्या हसण्याचा आवाज येत होता. "बोला फ्रेमवाले! पोट काय म्हणतंय? फोटोची चौकट झाली का?"

"बाई, मी वळणावर नव्हतो," फ्रेमवाले म्हणाले. "दाजी चुकले नाहीत. मी जागा सोडून वर आलो होतो. त्यांनी हाक मारली, ती मला ऐकू आली होती. मी उत्तर दिलं नाही."

मोरीतला नळ बंद झाला. ओल्या हातांनी बायको दारात येऊन उभी राहिली. फोनमधून नुसता वारा ऐकू येत होता.

"हात केला म्हणून सांगितलंत," दाजी म्हणाले. "तेही सांगा."

फ्रेमवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग त्यांनी फोन पुन्हा तोंडाजवळ नेला आणि तेही सांगितलं.